पाणी कुठे मुरतंय?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा आला. ज्यांच्या घरी बैठक होती त्या ताई म्हणाल्या, "मॅडम, दोन वर्षांपूर्वी गटातून कर्ज काढलं आणि मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. वाटलं, आता ओलीची कटकट गेली. पण आता तर आतून जास्तच ओल येते. सिमेंट करून ओल वाढली कशी?"

मी भिंतीला हात लावून पाहिला. बाहेरून भिंत कडक आणि कोरडी होती. आतून मात्र गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा लागला होता, पांढरी भुकटी हाताला येत होती. बोटाच्या पेरानं ठोकलं तर पोकळ आवाज आला.

तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. माझं माहेर लालबागचं. चाळीतली दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही सहा माणसं. मोरीच्या बाजूच्या भिंतीवर एक डाग होता. दर पावसाळ्यात तो थोडा वाढायचा. दिवाळीच्या आधी बाबा पोपडे खरवडायचे, वर सिमेंट थापायचे, रंग द्यायचे. मग आई त्या जागेवर कॅलेंडर टांगायची. पुढच्या पावसाळ्यात डाग कॅलेंडरच्या बाहेर यायचा. मी दहावीत होते तेव्हा दुरुस्तीसाठी ती भिंत एकदाची उघडली. आत सागवानी खांब होता. मिस्त्रींनी त्यात दाभण खुपसलं, ते लोण्यात जावं तसं मुठीपर्यंत आत गेलं. वर तीन मजले होते आणि त्यांचा भार त्या खांबावर होता. त्याच दिवशी टेकू लावले म्हणून आम्ही राहिलो. त्या भिंतीला आम्ही किती वर्षं रंग देत होतो!

आपल्याकडे म्हणतात, "कुठेतरी पाणी मुरतंय." म्हणजे वरून सगळं ठीक दिसतं, पण आत काहीतरी गडबड आहे. मुंबईच्या चाळींना हे अगदी शब्दशः लागू पडतं. त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तरही त्या चाळींच्या इतिहासातच आहे. म्हणून आज गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या भिंतींची गोष्ट सांगते. तुमच्यापैकी कितीतरी जणींचे आजे-पणजे याच भिंतींच्या आत राहून गावाला मनीऑर्डर पाठवत होते.

चुन्याच्या भिंती

१८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी राहिली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा असा सगळा पट्टा गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. रत्नागिरीतून, साताऱ्यातून, घाटावरून माणसं आली. त्यांच्यासाठी चाळी उठल्या. गिरगावात कारकून, शिक्षक, छोटे व्यापारी यांच्या चाळी होत्या. १८९३ पासून ज्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसतो, ती गिरगावातलीच.

या जुन्या चाळींची बांधणी साधी होती. सागवानी लाकडाचा सांगाडा, म्हणजे खांब आणि तुळया. त्यांच्या मधे विटांची भिंत. वर मंगलोरी कौलं. पुढे लाकडी कठड्याची गॅलरी. आणि या सगळ्यावर आतून-बाहेरून चुन्याचा गिलावा. चुना घाणीत दळायचे. बैल गोल फिरायचा, दगडी चाक फिरायचं आणि चुना-वाळू एकजीव व्हायची. तो भिजवून मुरवायचा, मग वापरायचा. काही ठिकाणी त्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालत.

चुन्याचा गुण असा की तो पाणी अडवत नाही. पावसात थोडं पाणी पितो आणि ऊन पडलं की ते हवेत सोडून देतो. भिंत ओली होते आणि वाळते. आपल्या गावाकडची पांढऱ्या मातीची भिंत, शेणाचा पोतेरा दिलेली, हीसुद्धा अशीच. ओल येते, ओल जाते. लाकडाला ओलीचं भय कमी असतं, ओल साचून राहण्याचं भय जास्त. जी जागा भिजून परत वाळते ती टिकते. जी वाळतच नाही तिथे बुरशी धरते, वाळवी येते, लाकूड कुजतं.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने ऊन आणि वारा असतो. चुन्याच्या भिंतीला हे गणित जमत होतं. चार महिने प्यायचं, आठ महिने वाळायचं. फक्त दर वर्षी पावसाळ्याआधी कौलांची शाकारणी आणि चुन्याचा हात, एवढं चुकवायचं नाही.

पाणी घरात आलं

पूर्वी पाणी विहिरीवर, तलावावर असायचं. बाई घडा घेऊन तिकडे जायची. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं मुंबईत आलं, १८९२ मध्ये तानसाचं आलं. हळूहळू नळ चाळीपर्यंत, मग मजल्यावर, मग खोलीतल्या मोरीपर्यंत आला. बायकांच्या डोक्यावरचा भार उतरला, ही मोठीच गोष्ट झाली. पण एक नवीन गोष्टही घडली. भिंतीला आता चार महिने नाही, बारा महिने पाणी लागू लागलं.

मोरी खोलीच्या कोपऱ्यात, म्हणजे नेमकी दोन भिंती आणि खांब जिथे मिळतात तिथे. पाणी सकाळी तासभर यायचं, म्हणून पिंपं, हंडे भरून ठेवायचे ते मोरीतच. अंघोळ, कपडे, भांडी तिथेच. मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, त्यांचे पाईप बाहेरच्या भिंतीला चिकटून खाली उतरलेले. एका पाईपचा सांधा सुटला की वरच्या मजल्यापासून खालपर्यंत भिंत भिजत राहायची आणि ते चार-चार वर्षं कुणाला कळायचं नाही.

त्यात खानावळी. गिरणगावात एकेक बाई आपल्या खोलीत पंधरा-वीस गिरणी कामगारांना जेवू घालायची. पहाटेपासून चुलीवर, स्टोव्हवर भात, आमटी, भाकरी. त्या खोलीतली वाफ आणि धुण्या-भांड्यांचं पाणी किती असेल, याचा तुम्हीच हिशोब करा. याच बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि खानावळवाल्या बायका बँकेच्या कर्जाला पात्र ठरल्या. आपल्या बचत गटांच्या आधीची ही गोष्ट आहे. त्या बायकांसाठी ती ओली भिंत नुसती घराची भिंत नव्हती. पिठाचे डबे, तांदळाची पोती, सगळं भांडवल त्याच भिंतीला टेकलेलं होतं. ओल आली की धान्याला जाळी धरायची. म्हणजे ओलीचा पहिला तोटा बाईच्या हिशोबात पडायचा.

प्लेगनं काय शिकवलं

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. सरकारची माणसं घरोघर शिरली. तेव्हा लोकांशी फार दांडगाईनं वागले, त्याचा राग अजून सांगितला जातो. पण त्या पाहणीत अंधाऱ्या, कोंदट, ओल्या खोल्यांचं खरं रूप उघड झालं. भिंतींना चुना मारला, उजेडासाठी छपरं उघडली, काही घरांवर 'माणसांना राहण्यास अयोग्य' अशी खूण केली.

त्यानंतर १८९८ मध्ये सुधारणा मंडळ स्थापन झालं, इंप्रूव्हमेंट ट्रस्ट. त्यांनी बांधलेल्या त्या बीआयटी चाळी. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षं राहिले, त्यांचं सुरुवातीचं काम तिथूनच झालं. याच ट्रस्टनं दादर-माटुंग्याला नवीन वस्तीची आखणी केली, हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी ही त्यातलीच. घराघरांमधे मोकळी जागा, वारा, उजेड. घराला हवा लागली पाहिजे, ही गोष्ट मुंबई प्लेगमुळे शिकली.

मग १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकूण २०७ इमारती. एका इमारतीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. या चाळींना लाकडाचा सांगाडा नव्हता. त्या सिमेंट-काँक्रीटच्या होत्या. मुंबईच्या घरात सिमेंटचा काळ सुरू झाला.

सिमेंटचा कोट

सिमेंट आधी विलायतेहून पिंपांत भरून यायचं. १९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला, १९३६ मध्ये बऱ्याच कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. सिमेंट स्वस्त झालं, पोत्यात मिळायला लागलं. चुना मुरवायला दिवस लागायचे, सिमेंट एका दिवसात कडक. चुन्याच्या घाणी बंद पडल्या. चुन्याचं काम येणारे गवंडी म्हातारे झाले, त्यांच्या मुलांनी सिमेंट धरलं.

मैत्रिणींनो, सिमेंट वाईट नाही. काँक्रीटच्या घराला सिमेंटचाच गिलावा लागतो. चूक झाली ती वेगळीच. चुन्याच्या आणि लाकडाच्या जुन्या चाळींचा गिलावा जिथे जिथे पडला तिथे सिमेंट थापलं गेलं. चुन्याची भिंत मऊ, लाकडाबरोबर थोडी हलणारी. सिमेंट ताठ. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंट हलत नाही, म्हणून त्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात. त्या चिरांतून पावसाचं पाणी आत जातं. आत गेलेलं पाणी चुन्यातून जसं बाहेर पडायचं तसं सिमेंटमधून पडत नाही. भिंतीला आपण रेनकोट घातला, पण त्याला भोकं होती आणि आत पाणी साचलं. त्यावर ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट लावला की उरलीसुरली वाटही बंद.

बाहेरून भिंत कोरडी दिसते आणि आत लाकूड भिजत राहतं. आमच्या लालबागच्या खांबाचं हेच झालं. बाबांनी दर दिवाळीला प्रेमानं लावलेलं सिमेंटच खांबाला वाळू देत नव्हतं.

काँक्रीटच्या इमारतींचं दुखणं वेगळं. दादरला शिवाजी पार्कच्या बाजूला समुद्राचा खारा वारा आहे. चिरेतून पाणी आणि खार आत गेला की काँक्रीटमधली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आतून सळई फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा बाहेर ढकलते. म्हणून खिडकीवरचे छज्जे आधी पडतात. तिथे वरून पाणी साचतं आणि खालून कुणी बघत नाही.

दुरुस्ती कुणी करायची?

आता तुम्ही विचाराल, एवढी वर्षं कुणी काही केलं कसं नाही? याचं उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची टंचाई झाली. १९४७ मध्ये भाडे नियंत्रण कायदा आला आणि जुन्या खोल्यांची भाडी १९४० सालच्या पातळीवर बांधली गेली. गिरणी कामगारासाठी तो कायदा मोठा आधार होता. त्याच्याशिवाय आमच्यासारखी कुटुंबं शहरात टिकलीच नसती. पण पुढे वस्तूंचे भाव वाढत गेले आणि भाडं तेवढंच राहिलं. मालक म्हणे, या भाड्यात कौलसुद्धा बदलता येत नाही. भाडेकरू म्हणे, घर माझं नाही, मी कशाला खर्च करू? दोघांच्या मधे भिंत भिजत राहिली.

इमारती पडू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये सरकारनं दुरुस्ती आणि पुनर्रचनेचा कायदा केला. जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्या पैशातून मंडळानं दुरुस्ती करायची असं ठरलं. तेव्हा मुंबई बेटावर अशा उपकराच्या इमारती १९,६४२ होत्या. १९७७ पासून हे काम म्हाडाकडे आलं. दर वर्षी पावसाळ्याच्या आधी मंडळ पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. खांब, तुळया, जिने, गच्ची ही मंडळाची कामं. खोलीच्या आतला गिलावा आणि रंग भाडेकरूचा.

इथे नीट लक्ष द्या. हाडं सरकारची, कातडी भाडेकरूची, जमीन मालकाची. आणि पाणी मुरत होतं ते हाडं आणि कातडी यांच्या मधे. ती जागा कुणाचीच नव्हती.

त्यात १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, कित्येक परत कामावर गेलेच नाहीत. घरात चूल पेटायची पंचाईत, भिंतीकडे कोण बघणार?

आणखी एक गोष्ट आईकडून ऐकलेली. भिंतीतला बदल सगळ्यात आधी बाईला दिसतो, कारण दिवसभर मोरीत, चुलीपाशी तीच असते. आईनं भाडं घ्यायला येणाऱ्या माणसाला दोनदा सांगितलं, भिंत पोकळ वाजतेय. तो म्हणाला, "वहिनी, पावती मिस्टरांच्या नावावर आहे, त्यांना अर्ज करायला सांगा." बाबा पाळीवर. अर्ज राहून गेला. कॅलेंडर लागलं.

कॅलेंडर टांगण्यात आईची चूक होती असं मला वाटत नाही. जिचं ऐकलं जात नाही, ती झाकायला शिकते.

सगळ्यांचं नशीब आमच्यासारखं नसतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत अतिवृष्टी झाली आणि दोनच दिवसांनी, ३१ ऑगस्टच्या सकाळी, भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली. तीसहून जास्त माणसं गेली. इमारत कधी एकाच कारणानं पडत नाही. वय असतं, वाढवलेला भार असतं, तोडलेली भिंत असते. पण जुन्या इमारती पावसाळ्यात जास्त का पडतात, याचं उत्तर आत मुरलेल्या पाण्याकडे बोट दाखवतं.

ओल ओळखायची कशी?

आता आपल्या घराकडे येऊ. घर चाळीतलं असो, घरकुलाचं असो की आजोबांनी बांधलेलं मातीचं, भिंत बोलत असते. तिचं ऐकायला पैसे लागत नाहीत.

पहिलं, कान. बोटाच्या पेरानं किंवा लाटण्याच्या टोकानं भिंत हलकेच ठोकत जा. भरीव भिंत टक्क वाजते. गिलावा सुटला असेल तिथे मडक्यासारखा पोकळ आवाज येतो. ती जागा खडूनं आखून ठेवा.

दुसरं, ओल कधी येते ते लिहा. फक्त पावसाळ्यात येत असेल तर पाणी छपरातून किंवा बाहेरच्या भिंतीतून येतंय. बारा महिने असेल तर नळ, मोरी किंवा संडासाचा पाईप. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच असेल आणि वर लोण्याची पांढरी रेघ असेल तर ओल जमिनीतून वर चढतेय.

तिसरं, प्लास्टिकची परीक्षा. वीतभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला, म्हणजे प्लास्टिकच्या वर आले तर ती स्वयंपाकाची वाफ आहे. खिडकी उघडा, हवा खेळती ठेवा. थेंब प्लास्टिकच्या मागे आले तर पाणी भिंतीतून येतंय.

चौथं, मोरीची परीक्षा. मोरीचं भोक बंद करा, चार बोटं पाणी भरा आणि पाण्याच्या रेषेवर खूण करा. रात्रभरात पाणी बरंच उतरलं तर ते भिंतीत किंवा जमिनीत जातंय. पाण्यात थोडा रंग टाकला तर कधी कधी तो पलीकडच्या भिंतीवर उमटतो.

पाचवं, लाकूड. जिथे खांब किंवा तुळई भिंतीत शिरते तिथे दाभण टोचून बघा. चांगलं लाकूड दाभणाला अडवतं.

सहावं, चीर. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून तारीख घाला. महिन्याभरानं चीर रेघेच्या पुढे गेली असेल तर ती जिवंत आहे. बंद होणारं दार अचानक घासायला लागलं, लादी एका बाजूला उतरली, गॅलरी झुकली, भिंतीत पिंपळाचं रोप उगवलं, या सगळ्या भिंतीच्या हाका आहेत. पिंपळ नुसता वरून तोडू नका. मूळ आत राहतं आणि भिंत फोडत जातं.

आधी पाणी, मग गिलावा

दुरुस्तीत एकच चूक पिढ्यान्‌पिढ्या होते. आपण डागाची दुरुस्ती करतो, पाण्याची नाही. म्हणून क्रम पाठ करा.

आधी पाणी कुठून येतं ते शोधून बंद करा. फुटलेलं कौल, तुंबलेली पन्हाळ, सुटलेला सांधा, मोरीचा उलटा उतार. मोरीच्या जमिनीचा आणि भिंतीचा कोपरा काटकोनात नको, गोलाई हवी, म्हणजे पाणी साचत नाही. घराबाहेर भिंतीला लागून पाणी साचत असेल तर उतार काढा. अंगणाची माती जोत्याच्या वर चढली असेल तर ती उकरा.

मग सुटलेला गिलावा काढा, डागाच्या बाहेर हातभर जास्त. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका, नाहीतर तो परत आत जातो.

मग थांबा. हे सगळ्यात अवघड आहे. भिंत वाळायला आठवडे लागतात, जाड भिंतीला महिनेही लागतात. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावं, म्हणजे पुढचा पावसाळा यायच्या आत भिंत वाळते. पाहुणे येणार म्हणून घाईनं गिलावा करू नका. उघडी भिंत दिसायला वाईट, पण ती त्या वेळी औषध घेत असते.

शेवटी गिलावा. चुन्याच्या भिंतीला चुन्याचा, मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा, सिमेंट-विटांच्या भिंतीला सिमेंटचा. मातीच्या घराला वर चुन्याचा हात द्या, ऑइल पेंट नको. गच्ची गळते म्हणून दर वेळी जुन्या थरावर नवा कोबा चढवू नका. प्रत्येक थराचं वजन खालच्या भिंतीवर येतं. मुंबईत कितीतरी चाळींवर असे थरावर थर आहेत.

आणि एक इशारा. खांब, तुळई, स्लॅब, जिना यांना घरच्या घरी हात लावायचा नाही. सळई उघडी पडली असेल, तुळई वाकली असेल, दाभण आत जात असेल, तर इंजिनिअरलाच दाखवायचं. तोवर तिथला भार कमी करायचा, धान्याची पोती, पाण्याची पिंपं हलवायची. भिंतीतून माती गळायला लागली, करकर आवाज आला, चीर डोळ्यादेखत वाढली, तर मुलंबाळं, म्हातारी माणसं घेऊन आधी बाहेर पडायचं. कपाट, दागिने मागाहून. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीची तपासणी करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. गावात तसा धाक नाही, म्हणून ते काम आपणच करायचं.

त्या ताईंना मी काय सांगितलं, तेही सांगते. बाहेरचा सिमेंटचा गिलावा जोत्यापासून तीन फूट काढायचा, मागची पन्हाळ दुरुस्त करायची, उन्हाळाभर भिंत उघडी ठेवायची आणि मग चुना-मातीचा हात द्यायचा. त्या म्हणाल्या, "कर्ज काढून केलेलं आता पैसे देऊन काढायचं?" त्यांचं दुःख मला समजलं. पण कर्जाचा हप्ता दोन वर्षांत फिटतो. भिंत पडली तर काय फिटणार?

आता गटासाठी दोन कामं. पहिलं, दर वर्षी वैशाखात एका बैठकीला हप्त्याच्या वहीबरोबर भिंतीची वही काढा. प्रत्येकीच्या घरी दोघी-तिघींनी जायचं, भिंत ठोकून बघायची, डाग, चिरा तारखेसह लिहायच्या. आपल्या घरातलं आपल्याला सवयीनं दिसत नाही, दुसरीला दिसतं. दुसरं, ग्रामपंचायतीच्या नमुना आठ वर घराला तुमचं नाव लागलंय का ते बघा. नसेल तर नवऱ्याच्या बरोबरीनं लावून घ्या. म्हणजे उद्या तुम्ही म्हणालात की भिंत पोकळ वाजतेय, तर अर्ज करायला कुणाच्या नावाची वाट बघावी लागणार नाही.

आमच्या लालबागच्या खोलीत नवीन खांब बसला तेव्हा आईनं एक गोष्ट केली. त्या भिंतीवर परत काही टांगलं नाही. कॅलेंडर दाराशेजारी गेलं. भिंत मोकळी ठेवली. म्हणायची, "दिसू दे मला रोज."

तुम्हीही आज घरी गेल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर जरा बाजूला करून बघा.